पायरीवरचं पाणी

१० ऑक्टोबर १९८२, रविवार

आलो बुवा एकदाचा! टांगेवाल्याने सामान उतरवताना पितळी घंगाळ आपटलं, त्याला पोचा आला. मी त्याला चार शब्द सुनावले आणि मग दोघंही हसलो, कारण घंगाळाला आधीचेच सात पोचे होते.

प्रेमला, रोज संध्याकाळी दिवसभराचं सगळं तुझ्या कानावर घालायची मला सवय. तू गेल्याला दोन वर्षं झाली तरी तोंड काही थांबत नाही. चाळीत लोक म्हणायला लागले होते की दिवाकर भिंतींशी बोलतो. म्हणून ही वही आणली. वहीशी बोललेलं कोणाला ऐकू जात नाही.

तर ऐक. गिरणीचा संप मिटायचं नाव घेत नाही. सत्तावन्नाव्या वर्षी कुठवर गेटवर बसून विड्या ओढायच्या? राजीनामा दिला, परळची खोली सोडली आणि वसईत पापडीच्या पुढे हे घर भाड्याने घेतलं. मालक हिलरी म्हणून आहे, तो बायकोला घेऊन बहारीनला असतो. कौलारू घर, पुढे व्हरांडा, तीन पायऱ्या, मागे विहीर आणि केळीची बाग. आळीतलं पहिलंच घर. कबरस्तानाकडून येणारा रस्ता आमच्या पायरीला लागूनच आळीत वळतो. शेजार शांत आहे, असं मी टांगेवाल्याला म्हणालो, तो काही हसला नाही.

आणि बाथरूम घरातल्या घरात! बत्तीस वर्षं डबडं धरून रांगेत उभा राहिलेल्या माणसाला हे काय सुख आहे ते तुलाच कळेल.

१२ ऑक्टोबर

आज घर नीट पाहिलं. फिटरचा डोळा, दुसऱ्याच्या कामातली खोड आधी दिसते.

बाथरूममध्ये काळ्या कडप्प्याची चांगली रुंद फळी आहे, दोन बाजूंच्या विटांच्या भिंतींवर टेकवलेली. फळीत अंडाकृती भोक पाडून त्यात वरून गुलाबी बेसिन बसवलेलं आहे. हिलरीने परदेशातून आणलं म्हणे. नळ भिंतीतून आलाय. पण बेसिनला कडेपासून तळापर्यंत बोटभर चीर आहे. आणि कहर म्हणजे कोण्या शहाण्याने पाणी जायच्या भोकात पांढरा सिमेंट ओतून ठेवलाय! असं काम गिरणीत कोणी केलं असतं तर मी त्याला त्याच सिमेंटमध्ये उभा केला असता.

किल्ल्या शेजारच्या आलोशियसभाऊंकडे होत्या. सत्तरीचा माणूस, पानवेलींची आणि केळीची बाग आहे. माणूस सालस. त्यांना बेसिनचं विचारलं तर म्हणाले, असू द्या तसंच, तोंड धुवायला विहीर आहे, विहिरीचं पाणी गोड आहे.

पण मला बेसिन हवंच आहे. हंसाला आता सहावा महिना लागेल. गेल्या वेळी ती चाळीत आली होती, सार्वजनिक नळावरच्या शेवाळावर पाय घसरला आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. तू तिच्या उशाशी बसून होतीस आणि मी बाहेर गॅलरीत उभा राहून शेवाळ खरवडत होतो. आता पोरगी दिवाळीनंतर माझ्याकडे बाळंतपणाला यायची आहे. तिला वाकायला लागू नये, घसरायला होऊ नये, उभ्या उभ्या तोंड धुता यावं. एवढं तर बाप करूच शकतो.

१६ ऑक्टोबर

बेसिन काढलं! अख्खा दिवस गेला. कडेचा जुना सिमेंट छिन्नीने टोचून टोचून काढला. कडप्प्याला एक टवका जाऊ दिला नाही. खालचा पाइपही कोणीतरी तोडून ठेवला होता, त्याच्या तोंडात चिंध्यांचा बोळा. बोळा ओढून काढला तर आतून गार हवेचा झोत आला. विहिरीजवळ उभं राहिल्यावर येतो तसा वास.

रखमाबाई सकाळी भांड्यांना येते. खाडीकडच्या गावातली, बोलायला खमकी. पण बाथरूम धुताना ती त्या फळीकडे पाठ करून धुते. मी छिन्नी हातात घेतलेली पाहून म्हणाली, "पानी हिरीवर हाय ना दादा, त्याला कशाला हात लावता?" मी म्हटलं, बाई, मुलगी यायचीय. मुलगी म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं.

१८ ऑक्टोबर

तुझा नवरा किती हुशार ते ऐक. नव्या बेसिनचं माप घ्यायला जुनं बेसिन खाकी कागदावर पालथं घातलं आणि सुताराच्या पेन्सिलीने त्याच्या काठाभोवती रेघ मारली. ऐटीत दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, काका, हे काठाचं माप आहे की भोकाचं? काठाच्या मापाचं भोक धरून बेसिन घेतलं तर ते सरळ खाली पडेल! चाळीस वर्षं मशीन जोडली आणि बेसिनपुढे हात टेकले. हसू आवरेना. पण घरी येऊन हसायला कोणी नव्हतं, म्हणून थोड्या वेळाने आपोआप थांबलं.

आज कागद फळीवर ठेवून खालून भोकाची रेघ मारली. पांढरं बेसिन ठरवलंय. परवा आणीन. तोवर नळाखाली, भोकाच्या बरोबर खाली, बादली ठेवलीय.

हंसाचं पत्र आलं. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे. तिने लिहिलंय, बाबा, आईचं बोंडलं जपून ठेवलंय ना? ठेवलंय. तिला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं, चोचीला किंचित वाकलेलं. ते आज चिंचेने घासून फडताळात ठेवलं.

२१ ऑक्टोबर

आळीत मयत झालं. ग्रेसीबाई, आळीच्या टोकाच्या घरातली म्हातारी, ऐंशीची होती. मी नवा असलो तरी गेलो. खरं सांगू? बरं वाटलं. दहा दिवसांत पहिल्यांदा माणसांत उभा होतो. कोणी नाव विचारलं, कोणी गाव विचारलं. मयताला गेलो आणि मन रमलं, अशी ही गत.

मातीहून परतताना एक गोष्ट मनाला लागली. आमचं घर वाटेत पहिलं. पण माझ्या दारावरून जाताना सगळे खाली मान घालून रस्त्याच्या पलीकडच्या कडेने गेले आणि हातपाय धुवायला आलोशियसभाऊंच्या विहिरीवर जमले. मला या म्हणाले. पण परक्याच्या विहिरीवर घुटमळायचा संकोच वाटला, सरळ घरी आलो.

पायरीशी उभा राहिलो आणि लक्षात आलं, बाहेर पाणी काढून ठेवायलाच विसरलो. मयताहून आल्यावर आपण दारातच थांबायचो, तू तांब्या आणि कडुलिंबाचा पाला घेऊन यायचीस, मग मी आत पाऊल टाकायचो. घरात कोणी नाही हे ठाऊक असून तोंडातून निघूनच गेलं, "अगं, पाणी दे गं."

आणि आत नळ सुटल्याचा आवाज आला.

म्हटलं वॉशर गेला असणार. तसाच आत गेलो. भोकाखालची बादली भरून वाहत होती आणि तुझा तांब्या, ज्यावर तुझं नाव ठिपक्यांनी कोरलंय तो, फळीवर होता. मी तो स्वयंपाकघरात ठेवल्याचं मला वाटत होतं. वय झालं. तिथेच भोकापाशी उभा राहून हातपाय धुतले. पाणी बर्फासारखं गार.

२३ ऑक्टोबर

नवं बेसिन बसलं. भोक एका अंगाला तांदळाच्या दाण्याएवढं अरुंद होतं, तेवढं कानशीने घासलं. खालचा पाइप नवा, जोड गळू नयेत म्हणून सफेदा आणि सुतळी. काठाखाली पांढरा सिमेंट भरला, बेसिन दाबून बसवलं, वर दोन विटा ठेवल्या. आज विटा उचलून पाणी सोडलं. थेंब गळला नाही! आलोशियसभाऊंना हौसेने बघायला बोलावलं. ते बाथरूमच्या दारापर्यंत आले, बेसिनमधून गरगरत जाणारं पाणी पाहिलं आणि छातीवर क्रूस केला. काम बरं झालंय का, विचारलं तर म्हणाले, काम फार चांगलं झालंय. आणि लगेच गेले.

लोकांना कौतुकही धड करता येत नाही.

२८ ऑक्टोबर

बाजारातून आलो तर पायरीवर तांब्या. तुझाच. काठोकाठ पाणी, वर एक कडुलिंबाची डहाळी.

रखमाबाईने ठेवला असेल म्हणून ती रस्त्यात दिसली तेव्हा विचारलं. ती म्हणाली, मी तर सकाळीच गेलते. मग आलोशियसभाऊंची सून असेल. कोणी का असेना. बाहेरून आलेल्या माणसासाठी कोणीतरी पाणी ठेवलंय, कोणीतरी माझी वाट पाहिली. पायरीवर बसून पाय धुतले आणि हसत बसलो. म्हाताऱ्याला काय लागतं सांग? एक तांब्या पाणी.

खोटं का बोलू, मला वाटलं तूच.

२९ ऑक्टोबर

सकाळी आळीतला, बावखलाच्या तळ्याजवळचा शिंपी गेला. चाळिशीचा होता, काही आजार नव्हता. मशीनवर बसल्या बसल्या मान टाकली.

२ नोव्हेंबर

आज इथल्या लोकांचा मेलेल्यांचा दिवस. कबरस्तानात सगळीकडे मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं. एका कबरीवर काहीच नव्हतं. कबरीच्या फळीवर विनी असं नाव आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख. मी माझ्या हातातली दोन फुलं तिथे ठेवली. आलोशियसभाऊ मागे उभे होते. ते रडत होते.

मग तिथल्याच कट्ट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. जसं ऐकलं तसं लिहितो.

विनी ही हिलरीची थोरली बहीण, बिनलग्नाची. भाऊ-भावजय बहारीनला गेल्यावर ती या घरात एकटी. आळीतलं पहिलं घर म्हणून मातीहून परतणाऱ्यांना पाणी द्यायचं काम या घराकडे, पिढ्यान्‌पिढ्या. विनी पायरीवर तांबे भरून ठेवायची. लोक हातपाय धुवायचे आणि पुढे आपापल्या घरी जायचे. एरवी तिच्याकडे कोणी येत नसे. आलोशियसभाऊ म्हणाले, मयत झालं की तिच्या चेहऱ्यावर तेज यायचं, आम्ही तिची टर उडवायचो. तीसचाळीस माणसं दारात उभी राहायची, ती प्रत्येकाच्या हातावर पाणी घालायची, प्रत्येकाला नावाने विचारायची. तेवढीच तिची माणसं.

तीन वर्षांपूर्वी असेच लोक मातीहून परतले, तर पायरीवर पाणी नाही. हाका मारल्या. कोणी म्हणालं झोपली असेल, कोणी म्हणालं माजलीय. सगळे आलोशियसभाऊंच्या विहिरीवर गेले. एकानेही आत डोकावलं नाही. चौथ्या दिवशी दार फोडलं. बाथरूममध्ये पडलेली होती, डोकं काठावर आपटून बेसिनला चीर गेलेली, हातात तांब्या. लगेच गेली नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. हाका तिला ऐकू गेल्या असतील.

त्यानंतर त्या पायरीवर तीनदा भरलेला तांब्या दिसला आणि तीनदा आळीत माणूस गेलं. मयत झालं तर माणसं येतात ना. म्हणून आलोशियसभाऊंनीच बेसिनच्या भोकात सिमेंट ओतला, पाइप तोडून बोळा मारला. मग थांबलं. हिलरीला लिहिलं तर तो हसला आणि घर भाड्याने द्या म्हणाला. मला का नाही सांगितलं, विचारलं. तर म्हणाले, तुम्ही मुंबईचे, तुम्हीही हसला असता.

बरोबर आहे. हसलो असतो.

५ नोव्हेंबर

हंसाला पत्र लिहिलं, येऊ नको म्हणून. कारण काहीतरी दिलं. घर दमट आहे, असं.

पत्र खिशात आहे. उद्या टाकीन.

९ नोव्हेंबर

पत्र अजून खिशातच. पापडीच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत तीनदा जाऊन आलो. प्रेमला, मला लाज वाटते लिहायला. ती येणार नसेल तर मी या घरात कोणासाठी राहू? दोन वर्षं मी त्या पोरीच्या येण्यावर जगतोय. तांब्या काही पुन्हा दिसला नाही. म्हातारी आणि शिंपी आपल्या मरणाने गेले असतील. आळीला एकेक गोष्ट रंगवून सांगायची सवय असते.

बेसिनमध्ये पांढरा सिमेंट कालवून ओतला आहे. खबरदारी म्हणून. हंसा येईपर्यंत तोंड धुवायचं बघू दुसरं काहीतरी.

११ नोव्हेंबर

सिमेंट वाळत नाही. दोन दिवस झाले, दह्यासारखा ओला. बोट घातलं तर खालून गार पाणी वर येतं. नळ बंद आहे.

मला एक सुचलंय. तिला माणसं हवीत ना? मयतावाचून माणसं आणू. दिवाळीला अख्खी आळी फराळाला बोलावतो. दारात गर्दी झाली, हसणं-बोलणं झालं, की तिचंही मन भरेल. घरोघर जाऊन आमंत्रणं दिली. सगळे हो म्हणाले. सगळ्यांनी हो म्हणताना माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

१५ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

चिवडा, शंकरपाळे, रव्याचे लाडू. सगळं माझ्या हातचं, लाडू वळताना फुटले. अकरा बशा मांडल्या. संध्याकाळी दिवे लावून व्हरांड्यात बसलो.

कोणी आलं नाही.

उशिराने आलोशियसभाऊ आले. एकटेच. म्हणाले, मागच्या वेळी आत डोकावलो नाही, आज येतो. चपला काढून ते पायरीवर थांबले आणि बागेतून आलेले म्हणून सवयीने पाय धुतले. मी लाडू बशीत घालत होतो. लाडू देता देता विचारलं, पाणी कुठलं घेतलंत? ते म्हणाले, तुम्ही इथे तांब्या ठेवला होता ना.

मी ठेवला नव्हता.

दोघांनीही मग लाडू खाल्ला नाही. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, पोरीला बोलावू नका.

१७ नोव्हेंबर

आलोशियसभाऊ गेले. पानवेलीच्या मांडवाखाली सापडले.

मातीला गेलो. परतताना लोक त्यांच्याच विहिरीकडे निघाले, पण ते घरच सुतकात, तिथे पाणी कोण देणार. सगळे रस्त्यातच थांबले. माझ्या दाराकडे पाहिलं. पायरीवर तांबे मांडलेले होते. माझे, तुझे, घंगाळ, कळशी, घरातलं प्रत्येक भांडं. सगळी काठोकाठ.

लोक पळाले.

१९ नोव्हेंबर

रखमाबाई दारातूनच सांगून गेली, उद्यापासून येत नाही. रडत होती. म्हणाली, तुम्ही पन चला दादा हितून. मी म्हटलं, कुठे? चाळीतली खोली सोडली.

आज डोक्यात उजेड पडला. मागच्या वेळी सिमेंटने थांबलं. आता का थांबत नाही? तेव्हा ती आपली आपण पाणी ठेवत होती. तिला कोणी मागितलं नव्हतं.

मी मागितलं. पायरीवर उभा राहून, बायकोला मागावं तसं. "पाणी दे गं." आयुष्यात तिला असं घरचं म्हणून कोणी बोललं नसेल.

तिला वाटतं हे तिचं घर आहे आणि मी तिच्या घरचा.

२० नोव्हेंबर

तार केली. खरं काय लिहिणार? पोरीला वाटेल बापाचं डोकं फिरलं. लिहिलं — मी आजारी. येऊ नकोस.

पंधरा दिवस आधीच ते पत्र पेटीत टाकलं असतं तर. पंधरा दिवस. खिशात घामाने त्याची शाई फुटलीय.

२२ नोव्हेंबर

हंसाची उलट तार. तुम्ही आजारी म्हणून आधीच निघते. बुधवारी सकाळी पोचते. जावई स्टेशनवर उतरवून ड्यूटीवर जाणार. ती टांग्याने घरी येणार.

गाढव मी. गाढव! आईच्या वळणाची पोरगी, बाप आजारी म्हटल्यावर घरी बसेल?

बुधवारी पहाटेच स्टेशनवर जाऊन उभा राहतो. तिथूनच परत पाठवतो. या आळीत तिचं पाऊल पडू देत नाही.

२३ नोव्हेंबर

दिवसभर तिच्याशी बोललो. मोठ्याने. म्हटलं, बाई, तुझं फार वाईट झालं. मला समजतं. माझ्याइतकं कोणाला समजणार. मी राहतो ना इथे. मी एकटा पुरत नाही का?

नळाला पाणी नाही आणि बेसिन भरत होतं. हळूहळू. काठापर्यंत.

तिला एकटा पुरत नाही. मलाही —

२४ नोव्हेंबर. सकाळ

ही वही नव्हे. वही बाहेर टेबलावर राहिली. बेसिनच्या मापाचा खाकी कागद फळीखाली होता, पेन्सिलही तिथेच. मधल्या रेघेच्या आत लिहितोय.

स्टेशनवर जायला दार उघडलं. पायरीवर तांब्या होता. आणि तांब्याशेजारी बोंडलं. हंसाचं. चांदीचं. वाकड्या चोचीपर्यंत पाण्याने भरलेलं.

डोकंच फिरलं. हातोडा घेऊन आत आलो. बेसिन फोडलं. माझ्याच हातचं काम, निघता निघेना, एकेक तुकडा करून फोडलं. भोक मोकळं झालं आणि त्यातून पाणी — फरशीभर — पाय सटकला —

कंबर गेलीय. डावा पाय हलत नाही. डोक्याच्या मागे ओलं आहे. ते पाणी नव्हे.

हाका मारतोय. आळीतून माणसं जाताना ऐकू येतात. शाळेतली पोरं. सायकलची घंटी. पलीकडच्या कडेने जातात. कोणी डोकावत नाही. माझंही तेच —

ती पण अशीच ऐकत होती. इथेच. चार दिवस.

सरपटत दारापर्यंत जायचं. जमत नाही. दोन वीत सरकलो.

फळीच्या भोकातून वर नळ दिसतो. नळ सुटलाय. खाली तांब्या धरलेला आहे. तांब्या तसाच अधांतरी. भरला. नेला.

ओली पावलं दाराकडे गेली. हळू. म्हातारं माणूस चालतं तशी. आनंदात असलेलं म्हातारं माणूस.

घुंगरं. टांगा. देवा, अजून वेळ नव्हती झाली — आधीची गाडी —

हंसा हसते आहे. टांगेवाल्याला सामान सावकाश उतरव म्हणते. घंगाळाचं लिहिलं होतं मी तिला. म्हणते, घंगाळ नव्हे, ट्रंक आहे भाऊ. अगदी तुझा आवाज प्रेमला —

ओरडतोय. हंसा, पायरी चढू नको. आवाज घशातून बाहेर —

माहेरवाशिणीच्या पायावर पाणी घालायचं. मी घालायचं होतं. मी —

पायरीवर पाणी पडतंय.

म्हणते आहे, बाबा, कामाला बाई कधी ठेवलीत? किती प्रेमाने पाय धुतात, आणि पाणी तरी किती गार हे, आणि बाबा, या विचारतायत, बाळाचं नाव काय ठे